द्राक्षमळ्यांतून रामशेजकडे

नाशिकहून उत्तरेकडे निघाले आणि म्हसरूळ मागे पडले, की जमिनीचे तीन थर एकावर एक रचल्यासारखे दिसू लागतात. सर्वांत खाली द्राक्षांचे मळे, त्यांच्या वर डोंगरउताराचे विरळ जंगल आणि सर्वांत वर काळ्या कातळाचे माथे. म्हसरूळचा चांभारलेण्यांचा डोंगर म्हणजे गजपंथ सिद्धक्षेत्र. सात बलभद्र आणि आठ कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा असल्याने समाजातील बहुतेक कुटुंबांना हा डोंगर परिचित असतो. पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचे आणि उन्हे तापण्यापूर्वी खाली उतरायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मात्र त्याच डोंगरावरून दिसणारा रामशेज, त्याच्या पलीकडचा बोरगड आणि मधले हिरवे मळे बहुतेकांच्या दृष्टीने केवळ दूरचे दृश्य राहतात. तिकडे पायी जाण्याचे काही कारणच नसते.

नाशिकच्या एका बेदाण्याच्या पेढीवरील तीन पिढ्यांना फेब्रुवारीतील एका रविवारी असे कारण मिळाले. सातवीतल्या नातीला रामशेज चढायचा होता. मुलगा तिला घेऊन जाणारच होता. पण तिने हट्ट धरला तो आजोबांनी बरोबर यावे असा. एकाहत्तर वर्षांच्या अप्पांनी आजवर कोणाचा हट्ट सहज मानला नव्हता. नातीची गोष्ट वेगळी होती.

या सहलीमागे आणखी एक कारण होते, ते कोणी बोलून दाखवले नाही. गेले दोन महिने बाप-लेकांत एका प्रश्नावर अबोला होता. रामशेजच्या पायथ्याच्या एका गावात या घराची आजोबांच्या काळापासूनची अडीच एकर द्राक्षबाग आहे. बाग वाट्याने दिलेली, वेली जुन्या झालेल्या, खर्च उत्पन्नाच्या पुढे गेलेला. मुलाकडे एका वाइन कंपनीचा प्रस्ताव आला होता. जुन्या वेली काढून वाइनच्या जातीची लागवड करायची, दहा वर्षांचा करार, भाव आधीच ठरलेला. मुलाने कागद अप्पांच्या गादीपाशी ठेवला. अप्पांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि रोजमेळ उघडला. त्यांच्या घरात नकार देण्याची हीच रीत होती. पेढीवर बाप-लेक दिवसभर समोरासमोर बसतात. पण मध्ये फोन, हमाल, गिऱ्हाइके आणि नमुन्याच्या पुड्या असतात. ज्या गोष्टीचा भाव काढता येत नाही, ती तेथे बोलली जात नाही.

सकाळी सहाला गाडी बागेच्या कडेला उभी राहिली. पिशवीत सूनबाईंनी दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. शेजारच्या बागेचे मालक बांधावर वाट पाहत होते. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पुढची वाट त्यांच्या मळ्यातून जात असल्याने तेच वाटाडे झाले.

अप्पांचे सारे आयुष्य द्राक्षाच्या व्यवहारात गेले होते. पण त्यांनी द्राक्ष पाहिले ते क्रेटमध्ये आणि बेदाणा पाहिला तो पंधरा किलोच्या खोक्यात. दाणा बोटांत धरून त्याची प्रत सांगण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. वेलीच्या बाजूने ते द्राक्षाकडे प्रथमच पाहत होते. लोखंडी अँगलवर दोन्ही बाजूंना पसरलेल्या थॉमसनच्या वेली, पानांच्या सावलीत एका पातळीवर लोंबणारे घड, बुंध्याशी ठिबकची नळी. भाऊ चालता चालता सांगत होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून पुढच्या वर्षाची काडी तयार करायची; ऑक्टोबरमध्ये फळछाटणी; नंतर चार महिने झोप नाही. घड लहान असताना त्याची विरळणी करायची, म्हणजे कात्रीने मधले मणी काढून उरलेल्यांना जागा द्यायची. मग प्रत्येक घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचा. हे काम हातानेच होते. नातीने विचारले, ‘‘प्रत्येक घड?’’ भाऊ म्हणाले, ‘‘प्रत्येक. एकराला हजारो होतात, बाई. मोजायचे नाहीत, नाहीतर हात चालत नाही.’’

निर्यातीसाठी राखलेल्या ओळींत घडांना कागद गुंडाळला होता, दाण्यावर गुलाबी छटा येऊ नये म्हणून. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत एका वाढनियंत्रकाचा अंश सापडला आणि माल अडकला, तेव्हापासून फवारणीची नोंदवही अधिक कसोशीने ठेवावी लागते, असेही भाऊंनी सांगितले. त्याच वर्षी नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळाले. मान आणि मनस्ताप एकाच वर्षी पदरात पडावेत, हे शेतीला साजेसेच म्हणायचे.

बांध ओलांडल्यावर मळ्याचे रूप बदलले. येथे वेली तारांवर कुंपणासारख्या सरळ उभ्या होत्या. घड लहान आणि गच्च, मणी बोराच्या बीएवढे, साल जाड. नातीने एक मणी तोंडात टाकला आणि बी दाताखाली येताच तोंड वाकडे केले. भाऊ हसले. खिशातील छोटी दुर्बिणीसारखी नळी काढून त्यांनी काचेवर रसाचा थेंब ठेवला आणि ती तिच्या डोळ्याला लावली. खाण्याच्या द्राक्षाला १६ ते १८ ब्रिक्सची गोडी पुरते. याला २२ च्या आसपास लागते. गोडी अधिक, तरी खाण्याला सोयीचे नाही, कारण ते खाण्यासाठी लावलेलेच नाही. ही वाइनची जात होती.

अप्पा ओळीच्या तोंडाशी थांबले. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाले आणि नाशिक वाइनसाठी ओळखले जाऊ लागले. हे सारे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते आणि पान उलटले होते. आता त्यातली एक ओळ त्यांच्या कुंपणाला लागून उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावरील नापसंती भाऊंच्या लक्षात आली असावी. त्यांनी झाडाखालच्या बाजेवर सर्वांना बसवले, गूळ-पाणी दिले आणि विचारल्यावाचूनच सांगू लागले.

‘‘शेठ, माझ्या वडिलांनी माळ घातली होती. आमच्याही घरात कोणी पीत नाही. २०१४ ला गारपीट झाली, तुम्हाला आठवत असेल. काढणीला आलेला माल एका संध्याकाळी जमिनीवर आला. सोसायटीचे कर्ज राहिले. पुढच्या हंगामात माल चांगला निघाला. एक व्यापारी आला, भाव बरा दिला, निम्मे पैसे पंधरा दिवसांनी देतो म्हणाला. चेक दिला. तो वटला नाही. माणूसही सापडला नाही. या गावात आम्ही पाच-सहा जण होतो.’’ थोडा वेळ ते गप्प राहिले. ‘‘गारांवर माझा राग नाही. त्या सांगून येत नाहीत. हा माणूस माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता. मग कंपनीवाले आले. भाव कमी, पण तारीख पक्की. विरळणी नाही, घड बुडवणे नाही, खर्च कमी. मुलीचे लग्न त्या पक्क्या तारखेवर झाले.’’

हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि समोरचा माणूस व्यापारी आहे याचा संकोचही नव्हता. अप्पांनी गुळाचा खडा हातात तसाच धरून ठेवला होता. त्यांच्या मुलाने बापाकडे पाहिले आणि नजर वळवली.

मळे संपल्यावर वाट बोरगडच्या बाजूच्या जंगलात शिरते. बोरगडचे सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर क्षेत्र २००८ साली संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. एके काळी उघडा पडलेला हा डोंगर गावकरी, निसर्गप्रेमी आणि वनखाते यांच्या राखणीमुळे पुन्हा झाडीने भरू लागला. फेब्रुवारीत जंगल निष्पर्ण होत आलेले असते. पण काटेसावरीची लाल फुले आणि पळसाचे पहिले केशरी झुबके त्या करड्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. पायाखाली वाळलेली पाने, करवंदीच्या जाळ्या, मध्येच मोराचा आवाज. नात पुढे धावत होती आणि अप्पा सवयीने पावलापुढची जमीन पाहत चालले होते. किडामुंगी चिरडू नये म्हणून लहानपणी लावलेली ती सवय सडकेवर कधीच सुटली होती. येथे ती आपोआप परत आली.

अरुंद वाटेवर समोरासमोर उभे राहता येत नाही. एक पुढे, एक मागे, किंवा फार तर खांद्याला खांदा. अशा वेळी बोलणारा दुसऱ्याचा चेहरा पाहत नाही आणि म्हणूनच कदाचित बोलू शकतो.

मुलाने सुरुवात केली. ‘‘अप्पा, आपण पिणार नाही, विकणारही नाही. फक्त द्राक्ष पिकवणार. द्राक्ष विकणे म्हणजे मद्य विकणे कसे?’’

अप्पा बरेच अंतर न बोलता चालले. मग म्हणाले, ‘‘द्राक्ष विकणे म्हणजे मद्य विकणे नाहीच. बाजारात गेलेल्या फळाचे कोण काय करील, ते आपल्या हाती नाही. पण या करारात रोप कोणते लावायचे ते कंपनी सांगणार, तोडायचे कोणत्या दिवशी तेही कंपनी सांगणार. ते द्राक्ष कशासाठी आहे, हे लावतानाच ठरलेले असते. पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य सांगितले आहे, ते माझ्या वडिलांनी पाळले. मला ते मोडवत नाही. तुला मोडवत असेल, तर माझ्यामागे तू ठरव.’’

‘‘आणि भाऊंचे?’’ मुलाने विचारले. ‘‘त्यांनी चूक केली?’’

या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागला. वाट एका ओहोळातून वर चढली. नातीने पळसाचे फूल उचलून आजोबांच्या हातात दिले. अप्पा म्हणाले, ‘‘त्यांनी चार वर्षांचा हिशेब करून जे बसले ते केले. त्यांना खाण्याच्या द्राक्षातून कोणी हुसकावले? गारांनी नव्हे. व्यापाऱ्याने. मद्य न पिण्याचा नियम पाळायला मला कधी कष्ट पडले नाहीत. घरात कोणी पीतच नव्हते. शेतकऱ्याचा पैसा वेळेवर देण्याचा नियम मात्र दर हंगामात कष्टाचा असतो. अचौर्य व्रतात खोट्या मापाचा दोष सांगितला आहे. वजन खरे आणि तारीख खोटी, हे कोणते माप म्हणायचे?’’

मुलगा पुढे काही बोलला नाही. पण दोन महिन्यांचा अबोला तेथे संपला होता.

रामशेजची चढण आशेवाडीतून आहे. पायऱ्या आणि पायवाट मिळून ती साधारण पाऊण-एक तासाची असली, तरी अप्पांना दीड तास लागला. वाटेत कातळातले रामाचे मंदिर आणि पाण्याचे टाके लागते. वनवासात श्रीरामांनी येथे विश्रांती घेतली, म्हणून ही रामाची शेज, अशी आख्यायिका आहे. गडाचा आकार लहान. पण इतिहास मोठा आहे. संभाजी महाराजांच्या काळात १६८२ साली मोगल फौजेने याला वेढा घातला. गड आठवड्याभरात पडेल असे वाटले होते. तो काही वर्षे लढत राहिला. गडावर पुरेशा तोफा नव्हत्या, तेव्हा लाकडाच्या तोफा करून त्यांना चामडे लावून त्या वापरल्याचे सांगतात. खालून मोगलांनी उंच लाकडी बुरूज उभारला, तोही निष्फळ ठरला. शेवटी गड गेला, तो लढाईने नव्हे, तर नव्या किल्लेदाराला पैसे देऊन, असे सांगितले जाते. नातीने ही हकिगत पुस्तकात वाचली होती आणि ती रंगवून सांगत होती. शेवटच्या भागाशी आल्यावर तिला राग आला. ‘‘एवढी वर्षे लढल्यावर पैसे कसे घेतले?’’ तिचे बाबा म्हणाले, ‘‘लढणारे वेगळे होते, घेणारा वेगळा.’’

माथ्यावर वारा होता. दक्षिणेला चांभारलेण्यांचा डोंगर आणि त्याच्यामागे धुरकट नाशिक, उत्तरेला दूर सातमाळ रांगेची करवतीसारखी रेघ, जवळच बोरगड, आणि खाली चहूकडे मळ्यांचे हिरवे चौकोन, मधे शेततळ्यांचे चमकणारे तुकडे. दशम्या सोडल्या गेल्या. नात कठड्यापासून दूर, बाबांचा हात धरून आपली बाग शोधत होती. ‘‘आजोबा, यातली खायची द्राक्षे कोणती आणि वाइनची कोणती?’’ तिने विचारले. अप्पांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. सकाळी ज्या बांधाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या दिसल्या होत्या, तो बांधच आता दिसत नव्हता. ‘‘येथून नाही कळत,’’ ते म्हणाले.

अडीच एकरांचा प्रश्न मात्र उरला होता. तोटा किती वर्षे सोसायचा, हे मुलाचे विचारणे रास्त होते. नियम पाळणाऱ्यालाही मजुरी आणि खताचे पैसे द्यावे लागतात. तेथेच, दशमीच्या कागदावर, त्याने हिशेब मांडला. वेली बदलायच्या, पण बेदाण्याला चालणाऱ्या जातीच्या. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेला माल वाळायला दोन आठवडे लागतात. पेढीला बेदाणा बाहेरून आणावाच लागतो. तो आपल्या शेडवर झाला, तर मधली एक पायरी वाचते. शेजारच्या बागांतील निर्यातीत न बसणारा मालही घेता येईल. अट एकच, वजन झाले त्या दिवशी पैसे.

अप्पांना ही अट सर्वांत अवघड वाटली. बेदाणा मार्च-एप्रिलमध्ये तयार होतो आणि मुख्य मागणी सणासुदीत, दिवाळीच्या सुमारास येते. दुकानदार पेढीला दोन-दोन महिने पैसे देत नाहीत. शेतकऱ्याला त्याच दिवशी द्यायचे म्हणजे सहा-सात महिने स्वतःचे भांडवल अडकवायचे. त्यांच्या वडिलांपासून पेढी कर्जाशिवाय चालली होती. मुलगा म्हणाला, ‘‘माल शीतगृहात ठेवून त्याच्या पावतीवर बँकेचे कर्ज काढता येते. व्याज आपण भरू. आजवर ते व्याज शेतकरी भरत आला, एवढेच. ते कोणी लिहून ठेवले नाही.’’

या वाक्यावर अप्पांनी कागद मागून घेतला, हिशेब पुन्हा वरपासून तपासला आणि एका ठिकाणी बारदानाचा खर्च राहिला होता तो लिहिला. त्यांच्या घरात होकार देण्याची ती रीत होती. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे असल्याने सर्वजण उतरू लागले.

या गोष्टीला आता चार हंगाम झाले. जुन्या वेली निघाल्या, नव्या मांडवावर चढल्या. बेदाण्याची शेड उभी राहिली. पहिल्या वर्षी व्याजाने नफा खाल्ला, दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसाने बेदाण्याचा रंग गेला आणि माल कमी भावात द्यावा लागला. तरीही वजनाच्या दिवशी पैसे देण्याचा नेम मोडलेला नाही. अप्पा आता गडावर जात नाहीत. पण हंगामात शेडवर काटा चालू असतो तेव्हा खुर्ची टाकून बसतात आणि शेतकऱ्याच्या हातात पैसे पडल्याशिवाय उठत नाहीत. आसपासच्या सात-आठ बागांचा माल तेथे येऊ लागला आहे.

भाऊंचा माल त्यात नाही. बांधापलीकडच्या त्यांच्या ओळी अजून तारांवर उभ्या आहेत आणि कराराची तारीख अजून पक्की आहे. अप्पांनी त्यांना त्याबद्दल कधी शब्दाने विचारले नाही. गेल्या मार्चमध्ये भाऊ स्वतःच काट्यापाशी येऊन उभे राहिले, दुसऱ्या एका शेतकऱ्याचे पैसे मोजून होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, ‘‘शेठ, करार संपायला दोन वर्षे आहेत. तोवर बघतो तुमचे.’’ अप्पांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि गूळ-पाणी मागवले.